न बोललेल्या आवाजाच्या पडताळणीबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
घरगुती इंटरनेट सेवा,
विभागीय कार्यालय, तिसरा मजला.

विषय : अर्जदाराच्या नव्या राउटरची आपल्या मॉडेमशी ओळख करून देण्याबाबत, तसेच अर्जदाराच्या खात्यावर नोंदला गेलेला एका निवृत्त बस कंडक्टरचा आवाज काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) तक्रार क्र. ७१२, बंद. कारण : ग्राहकाने उत्तर दिले नाही.
२) तक्रार क्र. ७५८, बंद. कारण : ग्राहकाने फोन उचलला नाही.
३) तक्रार क्र. ८०३, बंद. कारण : वारंवार पुकारूनही ग्राहक पुढे आली नाही.
४) आपले २३ तारखेचे पत्र, ‘संशयास्पद पुरुष’ याबाबतचे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही खाली दिलेल्या पत्त्यावर, तळमजल्याच्या मागच्या दोन खोल्यांत, एकतीस वर्षे राहत आहे. एकोणचाळीस वर्षे तिने छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम केले : छापील कागद दुमडायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. अर्जदार जन्मापासून ऐकत नाही आणि तोंडाने बोलत नाही. छापखान्यात याची अडचण कधी भासली नाही, कारण यंत्रे सुरू झाली की तिथे सगळेच बहिरे होत, आणि अशा वेळी हातांनी बोलता येणारी अर्जदार एकटीच शहाणी ठरे. वर्षभरात मशीनवाले, शाईवाले, खुद्द मालक तिच्याकडून चार-चार खुणा शिकून गेले. ‘चहा आला’, ‘कागद फाटला’, ‘साहेब रागात आहेत’ या तीन खुणा तिथे अजूनही चालतात असे समजते. न बोलल्याने काम अडते, हा अनुभव अर्जदाराला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आपल्या कंपनीच्या कृपेने प्रथमच मिळत आहे. त्याबद्दल प्रारंभीच आभार मानलेले बरे.

२. अर्जदाराला एक थोरली बहीण आहे. तीही अर्जदारासारखीच. लहानपणी दोघी मोठ्यांची नजर चुकवून टेबलाखाली एकमेकींच्या तळहातावर बोटांनी बोलत. खुणांची शाळा पुढे आली. त्याआधीच दोघींची घरची बोली तयार होती. त्या बोलीत आईसाठी एक खूण, भांडणासाठी सात, आणि हसण्यासाठी किती ते दोघींनी कधी मोजले नाही. ती बोली जाणणारी माणसे आज जगात दोनच. एक हा अर्ज करीत आहे. दुसरी, म्हणजे ताई, दोन दिवसांच्या प्रवासावर, समुद्रापलीकडे मुलाकडे राहते. गेली सहा वर्षे रोज सकाळी साडेदहाला अर्जदार मागच्या खोलीत खिडकीपाशी टॅबलेट मांडून बसते, तिकडे ताई जेवण आटोपून बसते, आणि दोघी तासभर बोलतात. आपल्या कंपनीची सेवा अर्जदाराने याच एका कामासाठी घेतली आहे. कंपनीच्या जाहिरातीतले आठशे सिनेमे तिला नकोत. एक ताई दिसली की पुरे.

३. आता मुख्य बाब. ताईची नजर कडांपासून आत विझत चालली आहे. सध्या तिला मधोमध, हात लांब करून धरलेल्या बशीएवढे दिसते. तिच्या डॉक्टरांनी तेवढ्या बशीला तीन महिन्यांची मुदत दिली, त्यातला एक महिना आपल्या कार्यालयाने ठेवून घेतला. अर्जदाराचे कमरेचे हाड अलीकडेच मोडून सांधले असल्याने तिच्या डॉक्टरांनी लांबचा प्रवास सहा महिने नको म्हणून सांगितले आहे. हे दोन डॉक्टर एकमेकांना ओळखत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून मुदती जुळवून घेण्याची सोय नाही. ताईला दिसेनासे झाले तरी तिचे हात अर्जदाराला दिसत राहतील. ताई सांगेल, अर्जदार पाहील. पण अर्जदाराचे उत्तर ताईपर्यंत पोहोचायचे नाही. मग तळहातच लागेल, आणि तळहात वायरीतून जात नाही. म्हणून जे बोलायचे ते आताच बोलून घ्यायचे आहे. बाब एवढीच आहे. यापुढचे सगळे तपशील आपल्या कार्यालयाने पुरवलेले आहेत.

४. ताईच्या बशीत मावावे म्हणून अर्जदाराने एका जाड पुठ्ठ्याला वीतभर खिडकी कापून घेतली आहे. आरशासमोर ती चौकट उभी करून अर्जदार रोज तिच्या आत बोलण्याचा सराव करते. जन्मभर हात पसरून बोललेल्या बाईला हे जड जाते. साध्या गप्पा मावतात. विनोद कोपर मुडपून बसवावा लागतो. भांडण मात्र कसेही केले तरी चौकटीबाहेर जाते.

५. चालू महिन्याच्या ३ तारखेस अर्जदाराचा जुना राउटर, म्हणजे घरभर सिग्नल वाटणारी पांढरी डबी, जळका वास सोडून निवर्तला. ५ तारखेस अर्जदाराने नवा राउटर आणला. त्यासोबत आलेल्या पुस्तिकेत एकही शब्द नाही. नुसती हातांची चित्रे आहेत : हा हात वायर धरतो, हा हात निळ्या भोकात खोचतो, हे बोट बटण दाबते, हा तळहात ‘थांबा’ म्हणतो. आयुष्यात प्रथमच कोणा कंपनीने अर्जदाराला तिच्या भाषेत समजावून सांगितले, म्हणून तिने ती पुस्तिका दोनदा वाचली. मग आपल्या कंपनीची काळी डबी, म्हणजे मॉडेम, बंद केला. दोन मिनिटे थांबली. मॉडेमपासून नव्या राउटरपर्यंत हातभर वायर जोडली. आधी मॉडेम सुरू केला, त्याचे दिवे लागू दिले, मग राउटर. एक दिवा हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा हिरवा. चौथा लाल. अर्जदाराने सगळे सोडवून पुन्हा जोडले. एक हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा हिरवा, चौथा लाल. दिव्यांची भाषा अर्जदाराला चांगली येते, कारण तिच्या दाराची बेल दाबली की घरात घंटेऐवजी दिवा लागतो. लाल म्हणजे दार बंद, हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

६. अर्जदाराच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बस कंडक्टर राहतात. सगळी इमारत त्यांना कंडक्टरकाका म्हणते, म्हणून या अर्जातही तसेच म्हटले आहे. त्यांचा आवाज फार मोठा आहे असे ऐकणारे सांगतात. काकांना खुणा दोनच येतात, त्याही बसच्या : एक बोट म्हणजे थांबा, दोन बोटे म्हणजे जाऊ द्या. बाकीचे ते वहीत लिहून दाखवतात. ५ तारखेस त्यांनी अर्जदाराच्या वतीने आपल्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि तिकडून जे जे आले ते शब्दशः वहीत उतरवले. तो उतारा असा :

मदतनीस मुलगी म्हणाली, “नवीन राउटरची नोंद करावी लागेल, सर. आमचा मॉडेम नोंदलेल्या यंत्रालाच ओळखतो. ग्राहक स्वतः लाइनवर आहेत का?”
काका म्हणाले, “शेजारीच बसल्यात. पण त्या बोलत नाहीत.”
“नाराज आहेत का, सर?”
“अहो, नाराज कशाला होतील! त्यांना ऐकू येत नाही.”
“मग त्यांना जरा मोठ्याने सांगा ना, सर.”

येथे काकांनी वहीत एक शब्द लिहून खोडला आहे. अर्जदाराने तो उजेडाला धरून वाचला. तो या अर्जात देता येत नाही.

शेवटी मुलगी म्हणाली, “पडताळणीसाठी ग्राहकाचा स्वतःचा आवाज लागतो, सर. त्या बोलायला लागल्या की परत फोन करा. आपला दिवस शुभ असो.”

अडुसष्ट वर्षांत न घडलेली गोष्ट कंपनीच्या सोयीसाठी घडेल, असा हा आपल्या कर्मचाऱ्यांचा विश्वास पाहून अर्जदाराला भरून आले. तक्रार क्र. ७१२ त्याच दिवशी बंद झाली.

७. यानंतर काकांनी आणखी नऊ वेळा फोन केला. त्यात प्रतीक्षेचे गाणे एकूण चार तास वाजले. आपल्या कंपनीने एवढ्या हौसेने ठेवलेले गाणे वाया जाऊ नये म्हणून काकांनी एकदा अर्जदाराचा तळहात फोनच्या पाठीवर ठेवला. ठेका बरा आहे. पण दर वीस मोजल्यावर तो मध्येच तुटतो आणि काहीतरी सपाट, खरखरीत लागते. काकांनी वहीत लिहिले, “तेव्हा बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.” अर्जदाराला तळहाताला ते आधीच खोटे लागले होते.

८. ९ तारखेस आपला तंत्रज्ञ, ज्याला इमारतीत शिडीवाला म्हणतात, अर्जदाराच्या घरी येण्यास निघाला. तो फाटकापर्यंत आला. अर्जदाराच्या दारावर बेल आहे, बेलखाली ‘दाबा, दिवा लागतो’ अशी पाटी आहे. परंतु दार गाठण्यासाठी फाटकातून आत यावे लागते, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे आधी फोन करावा लागतो. शिडीवाल्याने फाटकात उभे राहून तीन वेळा फोन केला. त्या वेळी अर्जदार खिडकीतून त्यालाच पाहत होती आणि हात हलवत होती. त्यानेही हसून हात हलवला, शिडी सायकलला बांधली आणि निघून गेला. तक्रार क्र. ७५८.

९. ११ तारखेस अर्जदार काठी टेकत स्वतः आपल्या कार्यालयाच्या तळमजल्यावरील खिडकीवर आली. तिला टोकन क्र. ६२ मिळाले. नंबर दाखवणारा फलक बंद असून त्यावर ‘फलक बंद आहे’ असा कागद चिकटवला आहे. कागद सुवाच्य आहे. नंबर तोंडाने पुकारले जात होते. अर्जदार दहा ते एक लोकांची तोंडे पाहत बसली. शेजारच्या आजोबांनी तिचे टोकन पाहून कपाळाला हात लावला, तेव्हा तिला कळले की आपला नंबर दोन तासांपूर्वी होऊन गेला. ती खिडकीशी गेली आणि कागद पुढे केला : ‘मला ऐकू येत नाही. माझा राउटर नोंदवून घ्या. नंबर सोबत लिहिला आहे.’ आतल्या कारकुनाने कागद वाचला, मान हलवली आणि त्याच कागदावर लिहिले : ‘नोंद फक्त फोनवर.’ कारकुनाचे अक्षर चांगले आहे. एवढ्या चांगल्या अक्षराला आपल्या कार्यालयात काम नाही, याचे वाईट वाटले. तक्रार क्र. ८०३.

१०. १४ तारखेस शिडीवाला पुन्हा येणार होता. काका सकाळी आठपासून फाटकापाशी खुर्ची टाकून बसले. बत्तीस वर्षे बिनतिकीट माणसे पकडलेली असल्याने शिडीवाला काही त्यांच्या हातून सुटला नाही. “चला, आत चला, पुढे जागा आहे,” असे म्हणत त्यांनी त्याला थेट मॉडेमसमोर आणून उभे केले. शिडीवाला मनाने चांगला आहे. त्याने अर्जदाराकडे तोंड करून, ओठ नीट हलवून, सगळे समजावले आणि वहीत लिहूनही दिले. प्रत्येक राउटरच्या बुडाशी बारा अक्षरांचा एक नंबर असतो. मॉडेमला जुन्या राउटरचा नंबर पाठ आहे, नव्याचा नाही, म्हणून तो त्याला दारात उभा करत नाही. यावर उपाय दोन. एक, कंपनीने नव्याचा नंबर नोंदवावा. दोन, नव्या राउटरला जुन्याचा नंबर घालायचा, म्हणजे मॉडेमला वाटते जुनाच घरी परत आला. “पाच मिनिटांचं काम आहे, मावशी. जुना नंबर तेवढा द्या.”

११. येथे अर्जदार आपली चूक कबूल करते. ती चूक कंपनीच्या माथी मारण्याचा तिचा हेतू नाही. अर्जदार सहा वर्षे रोज जुना राउटर ओल्या फडक्याने वरून, खालून, चारही बाजूंनी पुसत आली. ताई ज्या डबीतून येते ती डबी धुळीने माखलेली असणे तिला बरे वाटत नसे. त्या पुसण्यात बुडाच्या चिठ्ठीवरची चार अक्षरे निघून गेली. आठ राहिली. जिच्यासाठी पुसली तिच्याच वाटेवरची अक्षरे पुसली गेली, हे शिडीवाल्याने पाहिले. मग त्याने बाहेर फाटकापाशी जाऊन आपल्या कार्यालयाला फोन लावून विचारले, कारण तो नंबर आपल्या दप्तरी आहे. तिकडून उत्तर आले की नंबर आहे, पूर्ण बाराही अक्षरे आहेत, पण ती गोपनीय असल्याने कोणाला लिहून देता येत नाहीत. ग्राहकाचा आवाज पटला की ग्राहकाला फोनवर वाचून दाखवता येतात.

साहेब, हे वाक्य अर्जदाराने वहीत तीनदा वाचले. जी बोलत नाही तिने बोलावे, आणि जिला ऐकू येत नाही तिला ऐकवण्यात येईल. अशी सोय याआधी तिला कोणी देऊ केली नव्हती.

१२. आता विषयातील दुसऱ्या भागाबद्दल. १६ तारखेस काकांच्या घरच्या फोनवर माणसाऐवजी यंत्र आले. यंत्र म्हणाले, “आवाज नोंदवण्यासाठी, बीप वाजल्यावर आपले पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ‘माझा आवाज हीच माझी ओळख’ हे वाक्य तीन वेळा म्हणा.” काकांनी वहीत हे उतरवले, अर्जदाराकडे पाहिले, उठून दार लावून घेतले, गळ्याशी दोन बोटे धरली आणि बाईच्या आवाजात तीनही वेळा म्हणून टाकले. आवाज कसा होता हे अर्जदार सांगू शकत नाही. पण स्वयंपाकघरातून काकू हातात झारा घेऊन धावत आल्या आणि त्यांनी प्रथम पलंगाच्या मागे पाहिले. मग काकांना म्हणाल्या, “कोण आहे ती?” हे वाक्य काकूंनी नंतर स्वतःच्या हाताने वहीत लिहिले आहे. यंत्राला मात्र शंका आली नाही. ते म्हणाले, “धन्यवाद. आपला आवाज नोंदवण्यात आला आहे. राउटरच्या नोंदीसाठी दोन दिवसांनी पुन्हा फोन करावा.”

हा गुन्हा आहे हे अर्जदार जाणते. आपले नाव दुसऱ्याच्या गळ्यातून काढणे तिला शोभले नाही. पण त्या दिवशी काकांनी दोन बोटे वर केली, म्हणजे जाऊ द्या, आणि अर्जदाराने बस जाऊ दिली.

१३. १८ तारखेस काकांचे वरचे पुढचे दोन दात दंतवैद्याने काढले. ही वेळ काकांनी निवडलेली नव्हती, दातांनी निवडली. १९ तारखेस त्यांनी फोन करून तेच वाक्य त्याच गळ्यातून काढले, पण वाटेत दात नसल्याने ते निराळे बाहेर पडले. यंत्र म्हणाले, “आवाज जुळत नाही.” काकांनी पुन्हा म्हटले. “आवाज जुळत नाही.” तिसऱ्यांदा काका चिडून आपल्या खऱ्या आवाजात ओरडले, “अगं बाई, मीच आहे ती!” आणि यंत्राने अर्जदाराची जोडणी सुरक्षिततेसाठी गोठवून टाकली. तेव्हापासून चारही दिवे लाल आहेत. आधी निदान तिघांना तरी अर्जदार ओळखीची वाटत होती.

१४. २३ तारखेस आपले पत्र आले. त्यात कळवले आहे की एका संशयास्पद पुरुषाने अर्जदाराच्या जोडणीचा गैरवापर करण्याचा प्रयत्न केला, अर्जदाराने घाबरू नये, आणि आपण खरी ग्राहक असल्यास तसे आठ दिवसांत फोन करून स्वतःच्या आवाजात कळवावे. अन्यथा जोडणी कायमची रद्द होईल. पत्र दोन पानी, छापील, सहीशिक्क्यानिशी आहे. आपल्या कंपनीला लिहिता येते, हे अर्जदाराला त्या दिवशी समजले. वाचता येते की नाही, ते या अर्जाने समजेल.

१५. या दिवसांत ताईचे कसे चालले आहे, हे आपण विचारलेले नाही. तरीही सादर करते. अर्जदाराच्या खोल्यांत मोबाइलला सिग्नल येत नाही. काकांच्या घरी इंटरनेट नाही. त्यांचे म्हणणे, बत्तीस वर्षे गर्दीत काढली, आता घरात आणखी कोणी नको. पण त्यांच्या दाराबाहेर, चपलांच्या कपाटापाशी, मोबाइलवर सिग्नलच्या दोन दांड्या उभ्या राहतात. म्हणून अर्जदार रोज सकाळी काठी टेकत चाळीस पायऱ्या चढते आणि मोबाइल त्या कपाटावर टेकवून उभी राहते. हातात धरता येत नाही, कारण हात धरायला दिला तर बोलायला उरत नाही. पहिल्या दिवशी ताईने अर्जदाराच्या मागे, समोरच्या दारापाशी दिसणाऱ्या जोडे-चपला पाहिल्या आणि विचारले, “चपलांच्या दुकानात नोकरी धरलीस का?” पुढे एकदा म्हणाली, “राउटर जुळला का? की कंपनीच्या साहेबाशी लग्नच ठरतंय, एवढ्या चकरा मारतेयस ती?” ताईने साहेबांचे वर्णन विचारले तर काय सांगावे, याचा विचार अर्जदाराने करून ठेवला आहे. आपण भेट दिल्यास तो पूर्ण करता येईल.

चेष्टा बाजूला ठेवून सांगायचे तर, ऐकणाऱ्या लोकांचे चित्र अडखळले तरी मागून आवाज येत राहतो, आणि वाक्य पुरे होते. आमचे चित्र हाच आमचा आवाज. २१ तारखेस ताई काही सांगत होती. चेहरा गंभीर होता, हात छातीपासून उचलला होता, आणि तिथेच चित्र गोठले. अर्जदार अकरा मिनिटे त्या अर्ध्या हातासमोर उभी राहिली. लोक वर गेले, लोक खाली गेले. कपाटातून चपला काढून घेताना काकूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग सिग्नल गेला. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने विचारले, तर ताईला आठवेना की ती काय सांगत होती. म्हणाली, “असेल काहीतरी, तुला नाही तर कोणाला सांगणार? आठवलं की सांगेन.” साहेब, तो हात आपल्याकडे अडकला आहे. त्याला तक्रार क्रमांक मिळालेला नाही.

१६. सबब अर्जदाराची नम्र मागणी पुढीलप्रमाणे. नव्या राउटरचा नंबर सोबत मोठ्या अक्षरात लिहिला आहे. तो कोणा कर्मचाऱ्याने डोळ्यांनी वाचून नोंदवावा. खिडकी क्र. ३ वरील कारकुनाचे अक्षर चांगले आहे, त्यांना सांगावे. ते नियमात बसत नसल्यास जुन्या राउटरची गेलेली चार अक्षरे एका कार्डावर लिहून पाठवावीत. पुढचे शिडीवाला पाच मिनिटांत करील, त्याने तसे कबूल केले आहे आणि यावेळी तो बेल दाबणार आहे. जोडणी खुली करावी. कंडक्टरकाकांचा आवाज अर्जदाराच्या खात्यातून काढून त्यांना परत द्यावा, कारण दात गेल्यापासून त्यांच्याकडेही तो उरलेला नाही आणि काकू त्याची रोज आठवण काढतात.

१७. राहिली पडताळणी. कंपनीच्या दप्तरी अर्जदाराचे जे नाव आहे, ते तिने हजारदा लिहिले आहे, रेशनच्या कागदांपासून पगारपत्रकापर्यंत वाचले आहे. ऐकलेले कधी नाही. ते नाव तिच्यासाठी इतरांच्या ओठांची एक हालचाल आहे. तिचे खरे नाव निराळे आहे. ती तीन वर्षांची असताना दाराच्या कडीवर आपटून तिच्या डाव्या भुवईवर खोक पडली, आणि तेव्हापासून ताई तिला भुवईवर बोट फिरवून हाक मारते. आई होती तेव्हा आईही मारायची. आता त्या नावाने हाक मारणारे माणूस जगात एकच, आणि उलट ‘आले’ म्हणून दिलेले उत्तर त्या माणसाला आणखी दोन महिनेच दिसणार आहे. आपण सांगितलेले वाक्य अर्जदाराने पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून पाहिले : माझा आवाज हीच माझी ओळख. नीट मावते. ती ३० तारखेस सकाळी अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर, आपल्या मेजासमोर उभी राहून ते तीन वेळा म्हणेल. आपण फक्त मान वर करून बसावे. नंबर पुकारू नये. ती आलेली असेल.

लेखी उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
ग्राहक क्र. ४४०७१८-ब
तळमजला, मागच्या खोल्या
(बेल दाबावी, दिवा लागतो)
दिनांक : २७

सोबत :
१) नव्या राउटरचा नंबर, मोठ्या अक्षरात.
२) जुन्या राउटरच्या बुडाची चिठ्ठी, आठ अक्षरे शाबूत.
३) कंडक्टरकाकांच्या वहीची अकरा पाने. खोडलेला शब्द तसाच ठेवला आहे.
४) दंतवैद्याचा दाखला.
५) टोकन क्र. ६२, न वापरलेले.
६) ताईचा फोटो, तिच्या सुनेने पाठवलेला. ताई भुवईवर बोट ठेवून समोर पाहत आहे. हे अर्जदाराचे नाव आहे.
७) वीतभर खिडकी कापलेला पुठ्ठा. हात लांब करून तो डोळ्यांसमोर धरावा आणि क्र. ६ चा फोटो त्यातून पाहावा. बोट दिसले तर अर्जदाराची पडताळणी झाली असे समजावे. पुठ्ठा ३० तारखेस हाती परत द्यावा; तो रोज लागतो.